बाटल्यांच्या पॅकिंग लाइनसाठी कन्व्हेअर इनफीड कसं निवडावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव एमआयडीसी, धुळ्याची अवधान, नरडाणा, शिरपूर, दोंडाईचा, नवापूर. या पट्ट्यात पाण्याच्या, खाद्यतेलाच्या, फिनाईलच्या आणि शेती औषधांच्या बाटल्यांच्या लाइन बसवताना आणि त्याहून जास्त वेळा दुरुस्त करताना आम्हाला जे प्रश्न विचारले गेले, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न मशीन घेऊन झाल्यावर आले. ते आधी आले असते तर निम्मे विचारावेच लागले नसते.

फिलिंग मशीनसोबत कन्व्हेअर येतोच. मग इनफीडचा वेगळा विचार कशाला?

सोबत येतो तो पट्टा. त्या पट्ट्यावर बाटली उभी कोण करणार, ती एका रांगेत कशी येणार, दोन बाटल्यांत किती अंतर राहणार आणि मशीनच्या तोंडाशी ती नेमक्या क्षणी कशी पोहोचणार, हे सगळं म्हणजे इनफीड. मिनिटाला ६० बाटल्यांचं मशीन घेतलं आणि ३८च निघतात, अशी तक्रार आली की आम्ही आधी फिलरकडे, म्हणजे बाटल्या भरणाऱ्या मशीनकडे, बघतच नाही. दहातल्या आठ वेळा दुखणं मशीनच्या दोन मीटर मागे सापडतं.

निवड करायला सुरुवात कुठून करायची?

बाटलीपासून. कॅटलॉग नंतर.

स्लॅट चेनचा, म्हणजे कन्व्हेअरच्या सपाट कड्यांच्या साखळीचा, एक फूटभर तुकडा घ्या, त्यावर तुमची बाटली उभी ठेवा आणि तुकड्याचं एक टोक हळूहळू उचला. बाटली आधी घसरली तर निश्चिंत राहा. घसरण्याआधीच आडवी झाली, तर चालू लाइनवर प्रत्येक धक्क्याला ती पडणार हे धरून चाला. घर्षण जेवढं जास्त आणि बाटली जेवढी उंच व बुडाला अरुंद, तेवढी ती घसरण्याऐवजी कलंडते. हाच प्रयोग भरलेल्या आणि अर्ध्या भरलेल्या बाटलीवरही करा. पाण्याच्या अर्धा लिटरच्या रिकाम्या पेट बाटलीचं वजन आता १०-१५ ग्रॅमवर आलं आहे, तिला फुंकरसुद्धा पुरते. सोड्याच्या बाटलीचं बूड पाच पायांचं असतं. तिचा एखादा पाय दोन कन्व्हेअरमधल्या फटीत नेमका अडकतो.

एवढं केलंत की निम्मा निर्णय झाला. बाटली पक्की उभी राहते, तर साधा स्लॅट कन्व्हेअर आणि दोन्ही बाजूंना गाईड रेल बास. फार हलकी आणि उंच असेल, तर रिकाम्या बाटलीला मानेच्या कड्याने लटकवून हवेच्या झोतावर ढकलणारा एअर कन्व्हेअर बघावा लागतो. पण त्याला लागणारे ब्लोअर, त्यांची वीज आणि आवाज पाहता ताशी दोन-तीन हजारांच्या प्लँटला तो आम्ही सुचवत नाही.

टर्नटेबल घ्यावं की अनस्क्रँबलर?

यावर दोन भावांत भांडण लागलेलं आम्ही पाहिलं आहे. थोरला म्हणे बाया आहेत की हाताशी, धाकट्याला सगळं ऑटोमॅटिक हवं होतं. दोघांचंही अर्धं खरं होतं.

सरावाची बाई दोन्ही हातांनी मिनिटाला ३०-४० बाटल्या दिवसभर मांडू शकते. म्हणजे ६०च्या लाइनला टर्नटेबलवर, म्हणजे फिरत्या गोल टेबलावर, दोघी पुरतात. टर्नटेबलचं खरं काम मात्र बाटल्या फिरवण्याचं नाही, माणसाला दम घ्यायला वेळ देण्याचं आहे. ९०० मिलिमीटर व्यासाच्या टेबलावर ८० मिलिमीटरच्या बाटल्या व्यवहारात ८०च्या आसपास मावतात. ६०च्या वेगाला तो जेमतेम सव्वा मिनिटाचा साठा झाला. १२०० मिलिमीटरच्या टेबलावर १४० मावतात, म्हणजे दोन मिनिटांच्या वर. नवी पिशवी फोडायला, पाणी प्यायला, पडलेली बाटली उचलायला सव्वा मिनिट पुरत नाही, दोन मिनिटं पुरतात. म्हणून जागा असेल तर मोठंच टेबल घ्या. किमतीतला फरक त्या मानाने थोडा असतो.

अनस्क्रँबलरमध्ये बाटल्या हॉपरमध्ये कशाही ओता, तो त्या सरळ उभ्या करून देतो. वेग १०० च्या पुढे असेल, बाटली एकाच मापाची असेल आणि दोन पाळ्या चालत असतील तर त्याचा खर्च निघतो. शेती औषधांच्या धंद्यात १०० मिली, २५० मिली, अर्धा लिटर, एक लिटर अशी चार मापं आणि त्यात वेगवेगळे आकार असतात. तिथे दर बदलाला त्या-त्या मापाचे सुटे भाग काढा-घाला करण्यात सकाळ जाते. शिवाय पातळ पेट बाटल्या हॉपरमध्ये एकमेकींवर घासतात आणि ओरखडे लेबलच्या बाहेर दिसतात. एचडीपीई या चिवट प्लास्टिकच्या बाटलीला त्याचं काही वाटत नाही.

त्या भावांनी शेवटी मोठं टर्नटेबल घेतलं आणि अनस्क्रँबलरसाठी तीन मीटर जागा मोकळी सोडली. ती अजून मोकळीच आहे, तिथे सध्या खोक्यांची थप्पी असते.

चेन एसएसची (स्टेनलेस स्टीलची) घ्यावी की प्लास्टिकची? रुंदी किती?

काचेची बाटली असेल तर एसएस. काचेचा चुरा प्लास्टिकच्या पट्टीत रुततो आणि पुढच्या बाटलीच्या बुडावर रेघा मारतो. पेट आणि एचडीपीईला अॅसिटल प्लास्टिकची चेन बरी, कारण ती हलकी असते, आवाज कमी करते आणि कोरडीही चालते. अपवाद अॅसिडचा. टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक अॅसिड अॅसिटललाही खातं आणि ३०४ एसएसलाही. तिथे पॉलिप्रॉपिलीनची चेन मागा आणि फ्रेमवर अॅसिड साचणार नाही असा उतार मागा.

रुंदीत सर्रास चालणारी ८२.५ मिलिमीटर, म्हणजे सव्वातीन इंची. एक लिटरपर्यंतची गोल बाटली त्यावर नीट बसते. पाच लिटरच्या कॅनला १९०.५ मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंची घ्या. अरुंद चेनवर मोठा कॅन गाईड रेलला टेकून-टेकून चालवणारे आहेत. चालतो, पण वळणावर त्याचा काही भरवसा नाही.

कन्व्हेअरचा वेग कसा काढायचा?

कागदावर दोन ओळींचं गणित आहे, तरी ते करत कोणी नाही. ८० मिलिमीटरची बाटली, मिनिटाला ६०. बाटलीला बाटली चिकटून आली तरी चेनला मिनिटाला ४.८ मीटर पळावं लागतं. हा किमान वेग झाला.

आता मशीनच्या तोंडाशी स्टार व्हील, म्हणजे एकेक बाटली खाचेत धरून आत नेणारं चाक, असेल, तर त्याच्या दोन खाचांमधलं अंतर धरा. समजा बाटलीच्या मध्यरेषेवर मोजलेला व्यास ३६० मिलिमीटर आणि खाचा १२. परीघ भागिले १२ केलं की ९४ मिलिमीटर येतात. ६० बाटल्यांना मिनिटाला ५.६५ मीटर. चेन त्याहून १०-१५ टक्के जास्त पळवा, म्हणजे साधारण सव्वासहा-साडेसहा मीटर. मागून थोडा रेटा राहिला पाहिजे, पण भांडण नको. चेन दुप्पट पळवली तर उत्पादन वाढत नाही. मशीनच्या तोंडाशी बाटल्या थरथरत उभ्या राहतात आणि एखादी आडवी होते. म्हणून व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण, लावाच, आणि त्यात वेग हळू चढण्याची वेळ दोन-तीन सेकंद ठेवा. बटण दाबल्याबरोबर झटका बसला की रिकाम्या बाटल्यांची रांग पत्त्यांसारखी कोसळते.

स्क्रू, स्टार व्हील की नुसतं गेट?

फिलर कोणता आहे त्यावर. सरळ रांगेत सहा-आठ नोझल असलेला फिलर असेल, तर दोन न्यूमॅटिक (दाबाच्या हवेवर चालणारे) गेट आणि मोजणारा एक सेन्सर पुरतो. आठ बाटल्या आत आल्या, मागचं गेट बंद, भरल्या, पुढचं गेट उघडलं. साधं आणि स्वस्त. मापं बदलायलाही सोपं. हवा मात्र कोरडी हवी. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडलं नाही की सिलिंडर अडकायला लागतात आणि दोष सेन्सरला दिला जातो.

फिरता फिलर किंवा रिन्सर-फिलर-कॅपर (धुणं, भरणं, झाकण लावणं) एकत्र असलेलं मशीन असेल तर तिथे स्क्रू आणि स्टार व्हीलची जोडी. स्क्रूला आपल्याकडे वर्मही म्हणतात. त्याची पहिली खाच बाटलीच्या मापाची असते, पुढे अंतर वाढत जातं आणि शेवटचं अंतर स्टार व्हीलच्या अंतराएवढं होतं. तसं झालं नाही तर देवघेवीच्या जागी बाटली दर वेळी चिमटते. स्क्रू नायलॉनचा किंवा यूएचएमडब्ल्यू पॉलिथिनचा (कमी झिजणाऱ्या प्लास्टिकचा) असतो आणि तो त्या बाटलीसाठीच कोरलेला असतो. गोल बाटलीला एक स्क्रू आणि समोर गाईड रेल चालते. चपट्या, अंडाकृती बाटलीला एकाच स्क्रूत ठेवलं तर ती फिरते, म्हणून तिला दोन्ही बाजूंनी जोडस्क्रू लागतो.

एक अनुभव सांगतो. एका तेलवाल्याने बाटलीच्या ड्रॉइंगवरून स्क्रू मागवला. माल आला, बसवला, बाटल्या अडकू लागल्या. कॅलिपर लावला तर बाटली ड्रॉइंगपेक्षा दीड मिलिमीटर जाड. बाटलीवाल्याने मध्येच मोल्ड बदलला होता आणि सांगितलं नव्हतं. चूक आमचीही होती, आम्ही खरी बाटली हातात न घेता ड्रॉइंगवर सही केली. तेव्हापासून स्क्रूची ऑर्डर जाते ती ५० बाटल्यांच्या पिशवीसोबत.

आणि स्क्रूला ओव्हरलोड क्लच, म्हणजे जास्त जोर पडला की सुटणारी जोडणी, आहे का ते विचाराच. अडकलेली बाटली चिरडून स्क्रू फिरत राहिला तर स्टार व्हीलची खाच तुटते. नवं स्टार व्हील येईपर्यंतचे आठ दिवस क्लचपेक्षा फार महाग पडतात.

भरलेल्या बाटल्या श्रिंक मशीनच्या (बाटल्यांचा गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळणाऱ्या मशीनच्या) आधी चेपतात. दोष बाटलीचा का?

थोडा बाटलीचा, जास्त रांगेचा. पाच मीटर कन्व्हेअरवर एक लिटरच्या ६० बाटल्या थांबून आहेत आणि खालून चेन चालूच आहे, असं धरा. प्रत्येक बाटलीचं वजन एक किलो, कोरड्या चेनचं घर्षण ०.२५. तर सगळ्यात पुढच्या बाटलीवर मागून १५ किलोचा रेटा बसतो. पातळ पेटची बाटली तो कसा सोसेल? साबणाचं पाणी सोडून घर्षण ०.१५ वर आणलं तरी नऊ किलो उरतातच.

उपाय म्हणजे पाच मीटरचे दोन तुकडे करा, दोघांना वेगळी मोटर द्या आणि रांग भरली की मागचा तुकडा थांबेल असा सेन्सर लावा. छोटे रोलर बसवलेली कमी दाबाची चेनही मिळते, पण ती महाग असते आणि रोलरमध्ये तेल-धूळ गेली की तिचा उपयोग संपतो. आम्ही दोन मोटरींच्या बाजूचे.

साबणाच्या पाण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. साध्या साबणाचं त्यात फेसाऐवजी चिकट पांढरं चोथं बनतं आणि ते चेनखाली साचतं. लुब्रिकेशनसाठी आरओचं पाणी वापरा.

मे महिन्यात लाइन वेगळीच वागते. असं खरंच होतं का?

होतं. पुण्या-मुंबईचा इंजिनिअर याला हसतो, कारण त्याच्याकडे मे महिना आपल्यासारखा नसतो. जानेवारीत पहाटे धुळ्यात पारा १० च्या खाली जातो आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावला दुपारी ४५ च्या वर. पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारूच नका.

अॅसिटल प्लास्टिक तापलं की एसएसच्या सहापटीहून जास्त पसरतं. १२ अंशांवर बसवलेली दहा मीटरची चेन ४५ अंशांवर सुमारे ३६ मिलिमीटर लांबते, फ्रेम जेमतेम सहा. परतीची खालची बाजू धरली तर ६० मिलिमीटरची ढिलाई आली. चेनला खाली लोंबायला जागाच ठेवली नसेल, तर ती स्प्रॉकेटवरून (चेन ओढणाऱ्या दातेरी चाकावरून) उडी मारते आणि वरच्या बाटल्या नाचतात. हिवाळ्यात बसवलेली चेन एप्रिलमध्ये एकदा तपासा, गरज पडली तर एक कडी काढा. आणि नोव्हेंबरात ती परत घाला. हे दुसरं काम सगळे विसरतात आणि चेन विनाकारण ताणली जाते.

चेनखालची यूएचएमडब्ल्यूची पट्टी त्याहून जास्त पसरते. तीन मीटरची पट्टी तेवढ्याच फरकाने जवळपास २० मिलिमीटर वाढते. ती दोन्ही टोकांना स्क्रूने जखडली तर मध्ये फुगते आणि बाटली बरोबर तिथेच धडपडते. पट्टी फक्त चेन येते त्या टोकाला पक्की करा, दुसरं टोक मोकळं ठेवा, जोड तिरका कापा.

उन्हाळ्याची कोरडी हवा असली की रिकाम्या पेट बाटल्यांना स्थिर वीज धरते. त्या गाईडला, एकमेकींना चिकटतात आणि धूळ ओढतात. ही वीज घालवणाऱ्या आयोनायझरचा पर्याय आहे. तो घेण्याआधी फ्रेमचं अर्थिंग बघा.

आणि कूलर. कामगारांना उकडतं, कोणीतरी कूलर सरळ टर्नटेबलकडे तोंड करून लावतो, आणि मग फोन येतो, “काय भो, तुमच्या टेबलावर बाटल्याच उभ्या राहीना!”

खाद्यतेलाच्या लाइनला वेगळं काय लागतं?

खानदेशाला तेलाचा धंदा जुना. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाची जी कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. पण तेव्हा माल डब्यात जायचा, आता एक लिटरच्या बाटलीत जातो आणि थेंब चेनवर पडतात. चेन तेलकट झाली की बाटली जागीच घसरते, मागून रेटा येत नाही आणि स्क्रूची खाच रिकामी जाते. लोक मग चेनचा वेग वाढवतात. त्याने काही होत नाही. नोझलखाली थेंब धरणारा ट्रे, फिलरच्या आधीचा आणि नंतरचा कन्व्हेअर वेगळा, आणि परतीच्या बाजूला चेन पुसणारी पट्टी, एवढं केलं की बराचसा प्रश्न मिटतो. इनफीडची चेन कोरडी राहिली पाहिजे, पुढची थोडी तेलकट चालेल.

पारदर्शक बाटली सेन्सरला दिसत नाही. काय करायचं?

पारदर्शक वस्तूंसाठीचा, रिफ्लेक्टरवाला पोलराइज्ड फोटो सेन्सर घ्या. साधा फोटो सेन्सर पेटच्या आरपार बघतो. धातू ओळखणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर प्लास्टिकच्या बाटलीला उपयोगाचा नाही, तरी तो लावलेला आम्ही पाहिला आहे. रिफ्लेक्टर रोज पुसा.

लेबलिंगच्या आधी काय लागतं?

बाटल्यांत अंतर पाडणारं फोमचं चाक. बहुतेक स्टिकर लेबलिंग मशीनवर ते असतंच. फोम झिजून गुळगुळीत झाला की दोन बाटल्या जोडीने जातात आणि एकीला लेबल लागत नाही.

वारंवार लाइट जाते. इनफीडचं काही बिघडतं का?

लाइट गेल्याने बिघडत नाही, आल्यावर सगळं एकदम सुरू झाल्याने बिघडतं. लाइन पुढून मागे सुरू करायची. आधी श्रिंक, मग लेबलिंग, मग फिलर, सगळ्यात शेवटी इनफीड. लाइट आल्यावर कन्व्हेअर आपोआप चालू होणार नाही अशीच वायरिंग ठेवा. कोणाचा तरी हात आत असतो.

हात अडकण्याचा धोका कुठे जास्त?

स्क्रू आणि बाटलीच्या मधे. त्यावर पारदर्शक झाकण, झाकण उघडलं की स्क्रू थांबणारा स्विच, आणि टर्नटेबलपाशी उभ्या बाईच्या हाताला पोहोचेल असं लाल बटण हवं. पॅनेलवरचं बटण तिच्या कामाचं नाही. पदर, ओढणी खोचून वर एप्रन बांधल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका.

एकाच लाइनवर तीन-चार मापं चालवायची आहेत.

मग गेटवाला सरळ फिलर आणि टर्नटेबल, असं आमचं सरळ मत. स्क्रूच हवा असेल तर प्रत्येक मापाचा संच वेगळ्या रंगाचा करा. गाईड रेलच्या ब्रॅकेटवर पट्टी किंवा रंगाच्या खुणा हव्यातच. रेल आणि बाटली यांत दोन्ही बाजूंचं मिळून तीन ते पाच मिलिमीटर अंतर ठेवा. त्याहून कमी ठेवलं तर बाटली घासते, जास्त ठेवलं तर रांग नागमोडी होऊन दोन बाटल्या शेजारी-शेजारी अडकतात. उंच बाटलीला वर-खाली अशा दोन रेल लावा.

जुना कन्व्हेअर स्वस्तात मिळतोय. घ्यावा का?

फ्रेम सरळ असेल तर जरूर. चेन मोजून घ्या. नेहमीच्या स्लॅट चेनची एक कडी ३८.१ मिलिमीटरची, म्हणजे २० कड्या ७६२ भरल्या पाहिजेत. चेन ताणून मोजल्यावर ७८५ च्या आसपास भरली तर ती तीन टक्के ताणली गेली आहे, नव्या चेनचे पैसे सौद्यातून वजा करा. स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकलेले दिसले तर तेही. जुना स्क्रू फुकट दिला तरी घेऊ नका, तो दुसऱ्याच्या बाटलीचा आहे.

ऑर्डर देताना काय लिहून घ्यायचं?

“६० बीपीएम” (मिनिटाला ६० बाटल्या) एवढंच लिहू नका. कोणत्या बाटलीवर, रिकामी की भरलेली, सलग किती वेळ, आणि त्या वेळात किती बाटल्या पडलेल्या चालतील, ते लिहा. आम्ही एक तास सलग धरतो. पाच मिनिटांच्या ट्रायलमध्ये कोणतीही लाइन धावते.

मशीन बहुधा अहमदाबाद किंवा वसईकडून येतं. ट्रायलला स्वतः जा आणि स्वतःच्या बाटल्या घेऊन जा. ६०च्या वेगाला तासाला ३,६०० लागतात. तेवढ्या नेणं जमत नसेल तर हजार न्या आणि फिरवून वापरा. पण चेपलेल्या बाजूला काढा, नाहीतर मशीन बनवणारा सगळा दोष त्यांच्यावर टाकतो. बाटल्या दोन वेगवेगळ्या लॉटच्या घ्या आणि तुमची जी बाई रोज टेबलावर काम करणार आहे, तिला जमलं तर सोबत न्या. टेबलाची उंची तीच बरोबर सांगेल.